पर्यावरण कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकताना नेमके कोणते कलम लावले जाते?

प्रश्न

२ जुलै २०२४ रोजी नॉम पेन्ह येथील न्यायालयाने ‘मदर नेचर कंबोडिया’ या गटाच्या दहा जणांना सहा ते आठ वर्षांची कैद सुनावली. वाळूची निर्यात, अरेंग खोऱ्यातील नियोजित धरण, राजवाड्याजवळ तोन्ले साप नदीत मिसळणारे सांडपाणी, अशा गोष्टींचे चित्रीकरण करून त्या लोकांपुढे मांडणे हे या गटाचे काम. आरोप मात्र सरकारविरुद्ध कट रचल्याचा, आणि तिघांवर शिवाय राजाच्या अवमानाचा. निकालाच्या दिवशी आरोपींपैकी काही जण शोकाची पांढरी वस्त्रे नेसून न्यायालयाबाहेर आले होते. त्यांना तिथूनच पकडून नेण्यात आले. सांडपाण्याची नळी दाखवणे हा कट कसा ठरतो, आणि इतर देशांतही असेच घडते का, हे जाणकारांनी सांगावे. ब्रिटनमध्ये रस्ता अडवणाऱ्यांना झालेल्या शिक्षाही याच प्रकारात मोडतात का?

प्रतिसाद १

पर्यावरणावर बोलल्याबद्दल अटक केली, असे कागदावर लिहून देण्याची कोणत्याही सरकारची तयारी नसते. म्हणून जे कलम हाताशी असेल ते वापरले जाते. व्हिएतनाममध्ये ते करचुकवेगिरीचे असते. कोळशावरील अवलंबित्व कमी करण्याच्या कामासाठी २०१८ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळालेल्या ङ्वी थी खान्ह आणि वकील डांग दिन्ह बाख या दोघांनाही २०२२ मध्ये याच आरोपाखाली शिक्षा झाली. बाख यांना तर पाच वर्षांची.

इराणमधले उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. आशियाई चित्ता तिथे नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याने काही संशोधकांनी त्याच्या वाटांवर कॅमेरा ट्रॅप बसवले होते. हा कॅमेरा म्हणजे दगडाला किंवा खांबाला बांधलेली एक लहान पेटी. काही पावलांवरून जनावर गेले की ती छायाचित्र टिपते, त्यापलीकडचे तिला फारसे काही दिसत नाही. जानेवारी २०१८ मध्ये याच कामाच्या आडून हेरगिरी केल्याच्या संशयावरून या संशोधकांची धरपकड झाली. त्यांच्यापैकी प्राध्यापक कावूस सय्यद-इमामी पुढच्याच महिन्यात एविन तुरुंगात मरण पावले. अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या असल्याचे सांगितले, पण कुटुंबाला ते पटले नाही. तुरुंगात उरलेले शेवटचे चौघे एप्रिल २०२४ मध्ये सुटले.

प्रतिसाद २

ब्रिटनला या माळेत ओवण्यास माझी हरकत आहे. तिथे ज्युरी आहे, अपील आहे, खटल्याचे वृत्त छापता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावरील कमानींवर चार दिवस हवामानबदलाविरुद्ध आंदोलन करणारी माणसे चढत राहिली, तेव्हा खाली अडकलेल्या प्रवाशांनी कोणाचे काय बिघडवले होते? नदीतले सांडपाणी चित्रित करणे आणि हजारोंचा रस्ता बंद पाडणे यांत फरक करायलाच हवा.

प्रतिसाद ३

फरक आहे, हे मान्य. पण त्याच एम-२५ प्रकरणात जुलै २०२४ मध्ये शिक्षा झालेल्या पाच जणांवरचा आरोप सार्वजनिक उपद्रवाचा कट रचल्याचा होता, आणि त्याचा मुख्य पुरावा म्हणजे झूमवरील एक बैठक. रॉजर हॅलम यांना पाच वर्षे व इतर चौघांना प्रत्येकी चार वर्षे झाली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने या शिक्षा कमी केल्या, तरी हॅलम यांची चार वर्षे राहिलीच. सार्वजनिक उपद्रव हा पूर्वी न्यायालयीन परंपरेतून आलेला गुन्हा होता. २०२२ च्या कायद्याने तो लेखी कलमात आणून कमाल शिक्षा दहा वर्षे ठेवली. ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी २००६ च्या एका निकालात तिथली जुनी रीत नमूद केली होती : आंदोलकाने मर्यादा पाळावी आणि शिक्षा स्वीकारावी, पोलिसांनी व न्यायालयाने संयम ठेवून त्याच्या सद्सद्विवेकाची दखल घ्यावी. ही रीत आता एका बाजूनेच पाळायची आहे की काय, असे वाटते.

मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा, की कलम दुसरेच असल्याने ज्या कारणासाठी माणूस रस्त्यावर आला ते कारण खटल्यात गैरलागू ठरते. २०२३ मध्ये लंडनच्या एका न्यायालयात ज्युरीपुढे हवामानबदलाचा उल्लेख करू नका असे बजावले असतानाही तो केला, म्हणून दोन आंदोलकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सात आठवड्यांची कैद झाली. हेतूवर नव्हे तर कृतीवर निर्णय व्हावा, ही न्यायाधीशांची भूमिका कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखी आहे. तरीही आरोपीने आपण हे का केले एवढेही सांगू नये, हे मला पचत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग आंतरराष्ट्रीय कायद्याकडून काही संरक्षण मिळते का?

प्रतिसाद ४

शब्दांत मिळते. १९९८ च्या आऱ्हूस करारात, पर्यावरणविषयक हक्क बजावणाऱ्यांना शिक्षा किंवा छळ होऊ नये, असे स्पष्ट कलम आहे. लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांच्या एस्काझू करारात अशा कार्यकर्त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कलमच आहे. परंतु कंबोडिया, व्हिएतनाम, इराण यांपैकी कोणीही या दोन्ही करारांत नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र ब्रिटनसह हे चारही देश आहेत, आणि वाहतुकीत अडथळा येणे एवढ्यावरून आंदोलन हिंसक ठरत नाही, असे त्याच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. अडचण अशी, की एकट्या माणसाला या समितीकडे दाद मागायची तर त्याच्या देशाने आणखी एका ऐच्छिक पूरक कराराला मान्यता द्यावी लागते, आणि ती या चौघांपैकी एकानेही दिलेली नाही. ब्रिटनच्या नागरिकाला निदान स्ट्रासबर्गचे युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे. नॉम पेन्हच्या त्या दहा जणांना तेही नाही.