के-लव्हला विसरू नका!

वर एकांनी लिहिलंय की लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश रेडिओ खरा सुरू झाला तो १९९२ ला, केएलएएक्स हे तिथलं स्पॅनिश रेडिओ स्टेशन श्रोत्यांच्या आकड्यांत पहिल्या नंबरावर गेलं तेव्हा. नंबरचं बरोबर आहे, ऑगस्टमध्ये त्यांनी बांदा-रांचेरा (म्हणजे मेक्सिकोचं ब्रास बँडचं संगीत आणि ग्रामीण गाणी) लावायला सुरुवात केली आणि वर्षअखेरच्या रेटिंगमध्ये सगळ्या इंग्रजी स्टेशन्सना मागे टाकलं, तो धक्काच होता. पण १०७.५ वरचं के-लव्ह हे स्टेशन त्याच्या किती आधीपासून एफएमवर स्पॅनिश गाणी लावत होतं! बांदा नाही, पॉप आणि रोमँटिक बॅलड. मेक्सिकोच्या खेड्यातून आलेल्यांना बांदा आपली वाटायची, पण मेक्सिको सिटीवाला, एल साल्वाडोरचा, पेरूचा असे सगळे एकत्र बसून ऐकतील असं काही असेल तर ते बॅलडच. के-लव्हचा तेव्हाचा सकाळचा निवेदक पेपे बारेतो स्वतः पेरूचा, हे उगाच नाही. आणि ९५-९६ च्या सुमाराला के-लव्हसुद्धा शहरात पहिलं आलंच की.

मी तिथे असताना एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करायचो, भांडी घासायच्या सिंकवर पिठाने माखलेला छोटा रेडिओ, अँटेनाला फॉइल गुंडाळलेली, काटा कायम १०७.५ वर. कोणी हलवला की ग्वाटेमालाच्या मावशी ओरडायच्या. मला स्पॅनिशचा गंध नव्हता पण ती गाणी ऐकून ऐकूनच कोराझोन (हृदय), नोचे (रात्र) असे शब्द तोंडात बसले.

२००३ मध्ये युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश टीव्ही कंपनीने के-लव्हची मालक कंपनी घेतली, त्याबद्दल इथे कोणी सविस्तर लिहिलं तर फार आवडेल.