२५६ केबीपीएस म्हणजे नक्की किती?
२५६ केबीपीएसचं (सेकंदाला २५६ किलोबिट) इंटरनेट कनेक्शन घेऊनही डाउनलोड सेकंदाला ३० किलोबाइटच्या वर जात नाही, अशी एकाची तक्रार आहे. ही फसवणूक नाही. कंपनी वेग किलोबिटमध्ये सांगते, डाउनलोडची खिडकी किलोबाइटमध्ये दाखवते. ८ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून २५६ला ८ने भागा, ३२ येतात. डायलअपवर (फोन लावून जोडायचं जुनं इंटरनेट) जेमतेम ५-६ मिळायचे, शिवाय फोन अडकून पडायचा.

केबल की डीएसएल (फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट), तर माझं मत डीएसएललाच. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या इंटरनेटवर आजूबाजूचे सगळे एकाच तारेवर, त्यामुळे रात्री वेग बऱ्याचदा ढेपाळतो. मात्र डीएसएल घेताना टेलिफोन एक्स्चेंजपासूनचं अंतर आधी विचारा. ४-५ किलोमीटरपुढे लाइन सारखी तुटते. फोन वाजला की मोडेमचा दिवा लुकलुकतोय? मग स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) तपासा.

आणि प्लॅन अनलिमिटेड नसेल तर मर्यादेनंतर एमबीमागे किती दर, ते लेखी घ्याच. भाडं कमी दिसतं, बिल तिथेच फुगतं.