नवख्यांना दोन कविता वाचू द्या

कविसंमेलनांबद्दल दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात: ‘समोर बसलेले सगळे कवीच, आपला नंबर झाला की उठून जातात’ आणि ‘नवख्यांना मंच कशाला’. पहिली खरी आहे, आमच्या वाचनालयाच्या कविसंमेलनातही हेच व्हायचं. मग आम्ही बाराऐवजी पाचच कवी ठेवले, प्रत्येकाला दोन कविता, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ऐनवेळी ठरवायला लागलो. माणसं थांबायला लागली. गेल्या कोजागिरीला भाजी विकणाऱ्या एका मावशींनी अहिराणीत सासरच्या विहिरीवरची कविता वाचली. रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली! शेवटच्या ओळीला आवाज कापला आणि मसाला दुधाचे पेले वाटणारी पोरंसुद्धा जागच्या जागी थबकली.

‘नवख्यांना मंच कशाला’ ही दुसरी गोष्ट मात्र अजिबात पटत नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याचं तिथेच ‘बालकवी’ म्हणून कौतुक केलं, आणि आज आपण त्यांना त्याच नावाने ओळखतो. त्या दिवशी तो मुलगा नवखाच होता ना?