मदत हवी आहे: सायकल शर्यतींत लांबून हल्ला करण्याची रीत परत कशी आली?

नमस्कार मंडळी,

व्यावसायिक रोड सायकलिंगमधलं एक कोडं सुटत नाहीये, जाणकारांनी मदत करावी. (लांबून हल्ला म्हणजे शेवटची रेषा खूप दूर असतानाच एकट्याने पुढे निसटणं.)

जुने रसिक एकच तक्रार करतात: पूर्वीचे सायकलपटू मनाने शर्यत खेळायचे, आताचे कानातला रेडिओ (संघाच्या गाडीतून येणाऱ्या सूचना) आणि हँडलवरचा पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) सांगेल तसे पाय मारतात. २०१२ नंतरच्या टीम स्काय या ब्रिटिश संघाच्या टूर द फ्रान्स पाहिल्या की हे पटतंही. घाट लागला की एकाच संघाचे चार-पाच जण पुढे, वेग असा की मागच्याला मान वर काढता येऊ नये, आणि काही घडलंच तर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये.

पण मग २०२४ची स्त्रादे बिआंके ही इटलीतली एक दिवसाची शर्यत आठवा. ८१ किमी बाकी असताना स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार निघाला तो निघालाच, एकटा, आणि जवळपास पावणेतीन मिनिटांच्या फरकाने जिंकला. त्याच वर्षी झुरिचच्या जागतिक अजिंक्यपदात तो १०० किमी आधीच पेलोटॉन (सायकलपटूंचा मुख्य घोळका) सोडून गेला. असं काही म्हटलं की लोक १९६९च्या टूरमधल्या बेल्जियमच्या एडी मर्क्सचं नाव घेतात. एकूण आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर, आघाडी भक्कम, काही करायची गरज नाही. तरी तो पिरेनीजमधल्या तूरमाले घाटाच्या माथ्याजवळून सुटला आणि मूरांक्सला, म्हणजे त्या टप्प्याच्या अखेरीला, इतरांच्या जवळपास आठ मिनिटं आधी पोहोचला.

रेडिओ-मीटरने शर्यत बांधून टाकली असेल तर हे पुन्हा शक्य कसं झालं? माझा मुख्य प्रश्न हाच.

मी जेवढं जमवलंय ते मांडतो. १९०३च्या पहिल्या टूरमध्ये फक्त सहा टप्पे होते, एकूण २,४२८ किमी; पॅरिस ते लियाँ हा पहिलाच टप्पा ४६७ किमीचा. निघाले ६०, पोहोचले २१. विजेत्या मोरिस गारँचा सरासरी वेग ताशी २६ किमीच्या आतबाहेर आणि दुसरा क्रमांक जवळपास तीन तास मागे. २०२२मध्ये विजेत्या व्हिंगगोची सरासरी ताशी ४२ किमीच्या वर गेली. मधल्या काळात रस्ते, सायकली, सराव, सगळंच बदललं. १९२६ची टूर ५,७४५ किमीची होती, आता २१ टप्प्यांत साधारण ३,४०० किमी.

मला सगळ्यात जास्त हलवून जातं ते त्या काळच्या सायकलपटूचं एकटेपण. १९१३मध्ये तूरमालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क तुटला. बाहेरची मदत घ्यायला मनाई. सायकल खांद्यावर टाकून तो पायी खाली उतरला, सँत-मारी-द-कांपाँ गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी फोर्क जोडला, आणि अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. भाता एका मुलाने ओढला म्हणून त्याला वर दंडही झाला! टूरमध्ये डिरेलरला (चालत्या सायकलवर गिअर बदलणारी यंत्रणा) परवानगी मिळाली ती १९३७मध्ये. तोवर चढाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं करून बसवायचं म्हणजे दुसऱ्या बाजूचा मोठा दातेरी चक्का लागायचा, माथ्यावर पुन्हा तेच. चाक कुठे फिरवायचं यावरही शर्यत फिरायची.

तर, अंतर कमी झाल्यामुळे ताकद शिल्लक राहते, एवढंच उत्तर आहे का? की आणखी काही? आणि फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून कोणत्या जुन्या शर्यती पाहाव्यात?

प्रतिसाद १

खाण्याकडे बघा. साठच्या दशकापर्यंत पाणी जास्त प्यायलं की माणूस जड होतो अशी समजूत होती. तहानेने कासावीस झालेले सायकलपटू वाटेतल्या कॅफेत घुसून हाताला लागतील त्या बाटल्या उचलायचे, त्याची छायाचित्रं आहेत. आता तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ठरावीक प्रमाणात मिसळून. पूर्वी लांबून सुटलेला माणूस तीन तासांनी रिकामा व्हायचा, ती भीती आता बरीच कमी झाली. पॉवर मीटरचंही तसंच. हा आकडा आपण दोन तास टिकवू शकतो हे सरावातून माहीत असेल, तर ८१ किमी एकट्याने जाणं हा जुगार राहत नाही. ज्या यंत्राने स्कायच्या काळात हल्ले थोपवले, तेच आता हल्ला करणाऱ्याला धीर देतंय.

प्रतिसाद २

रेडिओला सरसकट दोष देऊ नका. २००९च्या टूरमध्ये १४ जुलैला प्रयोग म्हणून रेडिओ काढून घेतले होते. पेलोटॉन रमतगमत गेलं आणि शेवटी कॅव्हेंडिशने स्प्रिंट मारली. उलट टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत बघा, तिथे रेडिओ नसतातच. ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीसेनहोफर, गणितात डॉक्टरेट केलेली, कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली, सुरुवातीलाच सुटली. पुढे कोणी उरलंय हेच मागच्यांना कळलं नाही. अनेमीक व्हान व्ल्युटनने सुवर्ण मिळालं समजून हात उंचावत रेषा ओलांडली, कीसेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. झुरिचलाही रेडिओ नव्हते हे धाग्यात यायला हवं होतं.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्हींशी सहमत, पण रीत ‘परत’ आली असं म्हणताना आपण महिलांच्या शर्यती विसरतोय. याच व्हान व्ल्युटनने २०१९च्या यॉर्कशर जागतिक अजिंक्यपदात १००हून जास्त किलोमीटर एकटीने मारले होते. मोठ्या नेत्याला बांधून ठेवायला तुल्यबळ सहकाऱ्यांची फळी लागते, ती तिथे बहुतेक संघांकडे नव्हती. पुरुषांतही २०१८पासून तीन आठवड्यांच्या मोठ्या टूरमधले संघ नऊवरून आठ जणांचे झाले. मागे पाठलाग कोण करणार, हा प्रश्न पुढे सुटलेल्याच्या पायांइतकाच महत्त्वाचा.

वेळांची तुलना मात्र जपून करा. प्लातो द बेय घाटावर पोगाचारने २०२४मध्ये इटलीच्या मार्को पांतानीची १९९८ची वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली. १९९८ म्हणजे फेस्टिना संघाच्या उत्तेजक-द्रव्य प्रकरणाचं वर्ष, आणि त्याच कारणाने आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२मध्ये काढून घेतली गेली. त्या काळातल्या आकड्यांवर काही रचायचं तर पाया आधी ठोकून बघा.

पाहायचंच तर १९८९च्या टूरचा शेवटचा व्हर्साय ते पॅरिस टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) आधी बघा. अमेरिकेचा लेमाँ पुढे आलेल्या, वारा कापायला मदत करणाऱ्या एरो हँडलवर वाकलेला, फ्रान्सचा फिन्याँ उघड्या डोक्याने, मोकळी पोनीटेल वाऱ्यावर. टूरचा निकाल आठ सेकंदांनी लागला. सायकलचा वाटा किती, हे त्या २४.५ किमीत दिसतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. पाठलाग कोण करणार, हा धागा माझ्या हातून पूर्ण सुटला होता. मग पुढची शंका: १९६९च्या त्या दिवशी मर्क्सच्या मागे राहिलेल्यांनी एकजुटीने पाठलाग का केला नाही? संघांचं आपसातलं राजकारण, दमणूक, की दुसऱ्या क्रमांकावरच समाधान? त्या टप्प्याबद्दल कोणी सविस्तर वाचलं असेल तर इथे जरूर लिहा.