कामगार कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज, मुदत उलटली: आता नवा अर्ज की अपील?

पाळी_दुसरी:
नमस्कार. एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळत नाही, अशी तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दिलेली आहे. तिचं पुढे काय झालं ते कळावं म्हणून जोडपत्र 'अ' भरून अर्ज केला. मुद्दे असे होते:

1) तक्रारीवर अद्याप कारवाई का झाली नाही?
2) कंत्राटदार कामगार कायद्यांचं पालन करतो का?
3) कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत.
4) मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट आणि वेतन नोंदवह्या.

तीस दिवस होऊन गेल्यावर एवढंच पत्र आलं: 'सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने संबंधितांचे म्हणणे मागविण्यात आले आहे.' फोन केला की साहेब फिरतीवर. नवा अर्ज टाकायचा की अपील करायचं? आणि या पत्रामुळे मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते का?

बारनिशी:
नवा अर्ज अजिबात नको, पहिलं अपील करा. नव्या अर्जाने तुम्हीच त्यांना आणखी तीस दिवस बहाल करता, आणि जुन्या अर्जावरच्या अपिलाची मुदत तिकडे निघून जाते.

मुदत पुन्हा सुरू होत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 11 नीट वाचलंत तर त्रयस्थ पक्षाचंही (इथे कंत्राटदाराचंही) वेळापत्रक ठरलेलं आहे. अर्ज मिळाल्यापासून 5 दिवसांत त्या पक्षाला लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत त्याचं म्हणणं, आणि अर्ज मिळाल्यापासून जास्तीत जास्त 40 दिवसांत निर्णय. समजा अर्ज 3 मार्चला पोचला. नोटीस 8 मार्चपर्यंत निघायला हवी होती. साधी मुदत 2 एप्रिलला संपते, कलम 11 खरोखर लागू असेल तर 12 एप्रिलला. 2 एप्रिलनंतर 'म्हणणे मागविण्यात आले आहे' असं लिहिणं म्हणजे नोटीसच उशिरा निघाली, याची जवळजवळ कबुली आहे. अपिलात त्या नोटिशीचा जावक क्रमांक आणि दिनांक मागा. बहुतेक वेळा तिथेच गोची होते.

मुदतीत उत्तर नाही म्हणजे कलम 7(2) प्रमाणे नकार समजला जातो. तिथून 30 दिवसांत पहिलं अपील: वरच्या उदाहरणात 2 मेपर्यंत. त्याहून उशीर झाला असेल तर कारण लिहून विलंब माफीची विनंती जोडा.

महाराष्ट्रात अपील जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याच्या (माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाच्या) नावे. हे अधिकारी कोण, ते कार्यालयाच्या दर्शनी भागातल्या फलकावर असतं. हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का तिन्ही घ्या. नुसत्या सहीला पुढे कोणी विचारत नाही. स्पीड पोस्टाने पाठवलंत तर ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा, ते फार काळ दिसत नाही.

टिपणी_पान_सहा:
बारनिशींशी सहमत, पण निम्मा घोळ अर्जातच आहे. मुद्दा 1 आणि 2 वर काही मिळणार नाही. 'का' या प्रश्नाचं उत्तर तयार करून देणं जन माहिती अधिकाऱ्यावर (कार्यालयात असे अर्ज हाताळणाऱ्यावर) बंधनकारक नाही, आणि 'पालन करतो का' यावर तो मत देणार नाही. अभिलेखात जे आहे तेवढंच मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे.

त्यामुळे कागदाला त्याच्या नावाने हाक मारा. कामगार कार्यालयात तक्रार आली की साधारण हे कागद तयार होतात: आवक बारनिशीतली (येणाऱ्या कागदांच्या वहीतली) नोंद, ज्याच्या टेबलावर ती गेली त्याच्या कार्यविवरण नोंदवहीतली (त्याच्या कामाच्या वहीतली) नोंद, फाइलमधली टिपणी (अधिकाऱ्यांचे शेरे असलेली पानं), अधिकारी जागेवर गेला असेल तर निरीक्षण शेरे आणि त्याची फिरती दैनंदिनी, त्रुटी निघाल्या तर कारणे दाखवा नोटीस आणि त्यावर आलेला खुलासा. तुमच्या 'का' चं उत्तर टिपणीत असतं. 'तूर्त दप्तरी ठेवावे' (म्हणजे सध्या काही करू नये) असा शेरा कोणत्या तारखेला कोणी मारला, हे त्या पानावर दिसतं.

पहिल्या मुद्द्याऐवजी असा मजकूर चालतो:

'दि. … रोजीच्या तक्रारीच्या (आवक क्र. …) संपूर्ण फाइलमधील टिपणी व पत्रव्यवहाराच्या छायांकित प्रती, तसेच दि. … ते दि. … या काळात सदर आस्थापनेच्या तपासणीचे निरीक्षण शेरे, दिलेल्या नोटिसा व प्राप्त खुलासे यांच्या छायांकित प्रती.'

हे पहिल्या अपिलात घुसडता येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागेल. तो जरूर करा, पण अपिलाच्या जोडीला, अपिलाऐवजी नाही. राज्याच्या नियमांत 2012 पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. तुमच्या अर्जात तक्रार, परवाना आणि नोंदवह्या असे तीन विषय होतात. तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकी 10 रुपयांचा स्टॅम्प. एक परत आला तरी बाकीचे दोन चालू राहतात.

आणखी एक: अर्ज युनियनच्या लेटरहेडवर असेल तर 'संघटनेला माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं, कारण कलम 3 मधला हक्क नागरिकाचा आहे. पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून अर्ज करावा.

कंत्राटी_खाते:
त्रयस्थ पक्षाबद्दल थोडं. परवाना कार्यालयानेच दिलेला आहे. त्यावर किती कामगारांना मंजुरी, किती काळासाठी, कोणत्या अटींवर, हे लिहिलेलं असतं. ती कंत्राटदाराची गोपनीय बाब कशी होईल? कलम 11 फक्त त्याच्याशी संबंधित किंवा त्याने दिलेल्या, आणि त्याने गोपनीय मानलेल्या माहितीला लागतं. त्यातही त्याने नुसती हरकत घेतली म्हणून माहिती अडत नाही. तो फक्त म्हणणं मांडू शकतो, निर्णय अधिकाऱ्यालाच घ्यायचा असतो.

हजेरीपट आणि वेतन नोंदवह्यांचं तसं नाही. त्यांत कामगारांची नावं, बँक खाती असतात, त्यामुळे 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम, पुढे येणारच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 ने हे कलम आणखी आवळलं आहे. आधी त्याच कलमात व्यापक जनहिताची सवलत होती, ती गेली. कलम 8(2) मात्र शाबूत आहे, तेव्हा जनहिताचा मुद्दा आता त्याखाली मांडायचा. सोबत कलम 10 (देता येणारा भाग वेगळा काढून देणं) लावा: नावं, खाते क्रमांक झाकून पद, हजर दिवस आणि दिलेलं वेतन एवढे रकाने द्या. किमान वेतनाचं गणित करायला तेवढे पुरतात.

नोंदवह्या कंत्राटदाराकडे आहेत, आमच्याकडे नाहीत, असं म्हणाले तर कलम 2(च) दाखवा. दुसऱ्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला जी खाजगी संस्थेची माहिती मिळवता येते, तीही 'माहिती' च्या व्याख्येत येते. कामगार अधिकाऱ्याला नोंदवह्या तपासायचा अधिकार आहेच.

बारनिशी:
2(च) कागदावर बरोबर आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. अपिलीय अधिकारी 'माहिती उपलब्ध नाही' यावर शिक्का मारतात आणि प्रकरण राज्य माहिती आयोगापर्यंत जातं, तिथे वर्ष सहज निघतं. त्यापेक्षा अधिकाऱ्याने तपासणीत गोळा करून फाइलला लावलेल्या नोंदवह्यांच्या प्रती मागा. त्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत, वाद संपला.

भविष्य निर्वाह निधीसाठी तर अर्जच नको. ईपीएफओच्या (निधी सांभाळणाऱ्या केंद्रीय संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधा, कोणत्या महिन्याची रक्कम कधी आणि किती कामगारांसाठी भरली ते दिसतं. परवाना 120 कामगारांचा आणि निधी 45 जणांचा, हा फरक दोन कागद शेजारी ठेवले की उघडा पडतो.

फिरती_दैनंदिनी:
कोणता कागद कुठे, यात फार जणांचे महिने जातात, म्हणून लिहितो. वेतन, कंत्राटदार, दुकाने आस्थापना: राज्याच्या कामगार आयुक्तांची यंत्रणा. कारखान्यातली सुरक्षा, अपघात, यंत्रं: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, हे वेगळं कार्यालय आहे. बांधकाम कामगारांची नोंदणी आणि लाभ: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. बँका, रेल्वे, बंदरं, खाणी: केंद्राचे मुख्य कामगार आयुक्त. ईपीएफओ आणि ईएसआयसी (कामगार विमा) हीदेखील केंद्राचीच.

केंद्राच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा. अपिलाला मात्र तिथे शुल्क नाही.

चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, मात्र तिथल्या अधिकाऱ्याची मुदत त्याला अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. राज्याच्या पोर्टलवर यादीत वरचं नाव निवडून अर्ज मंत्रालयातल्या विभागाकडे टाकला की तो आयुक्तालय, तिथून जिल्हा असा उतरत येतो. थेट जिल्ह्याच्या कार्यालयात द्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याआधीच्या काळातला कागद जुन्या कायद्याच्या नावाने फाइल केलेला असतो, म्हणजे किमान वेतन अधिनियम 1948, कंत्राटी कामगार अधिनियम 1970. काळ जुना असेल तर अर्जात तेच नाव लिहा, नाहीतर 'या संहितेखाली माहिती निरंक' असं सरळ उत्तर मिळतं.

पाळी_दुसरी:
सगळ्यांचे आभार. अपील दिलं, शिक्क्यानिशी पोच घेतली. त्यावर लगेच पत्र आलं: '214 पानांचे 428 रुपये भरून माहिती घेऊन जावी.' भरायचे का? आणि अपील मागे घ्या असंही तोंडी सुचवलं जातंय.

टिपणी_पान_सहा:
अपील मागे घेऊ नका. सुनावणीचा दिनांक हातात आहे तोवरच हालचाल होते.

पैशांचं सांगायचं तर मुदत संपल्यावर माहिती विनामूल्य, कलम 7(6). दोन ओळींचं पत्र द्या: अर्ज अमुक तारखेला मिळाला, मुदत अमुक तारखेला संपली, शुल्काची मागणी त्यानंतरची, म्हणून प्रती विनामूल्य द्याव्यात. कागद तातडीने हवे असतील तर '7(6) खालील हक्क राखून' असं लिहून 428 भरा आणि परताव्याची मागणी अपिलात घ्या. तत्त्वासाठी महिना घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

हेच पत्र मुदतीच्या आत आलं असतं तर गोष्ट वेगळी. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये धरत नाहीत. म्हणून काही कार्यालयं एकोणतिसाव्या दिवशी शुल्काचं पत्र काढतात. अशा वेळी त्याच दिवशी भरून पावती घ्यायची.

पण आधी 214 पानं कशाची, ते बघा. मोठ्या गठ्ठ्यात पत्रव्यवहाराची झेरॉक्स भरपूर आणि टिपणी गायब, असं सर्रास होतं. पुढच्या अर्जात 'प्रथम अभिलेख अवलोकन, नंतर निवडक प्रती' असं मागा. राज्यात पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना 5 रुपये. फाइल हातात आली की आधी पृष्ठांकन तपासा. टिपणी 1 ते 9 आणि मध्ये 6 नाही, असं दिसलं तर अवलोकनाच्या नोंदीवर तिथेच लिहा आणि सही घ्या.

कंत्राटी_खाते:
'फाइल सापडत नाही' किंवा 'चौकशी चालू आहे' ही दोन उत्तरं सुनावणीत येऊ शकतात, तयारी ठेवा.

चौकशी चालू असणं एवढ्यानेच 8(1)(ज), म्हणजे तपासाच्या कारणाने माहिती नाकारायचं कलम, लागत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, ते त्यांनी दाखवायचं असतं (दिल्ली उच्च न्यायालय, 2007, भगत सिंग प्रकरण). हरवलेल्या फाइलबद्दल: हे माहिती अधिकार कायद्यातलं सूट देणारं कारणच नाही. नष्ट केली असेल तर जतनाच्या कोणत्या वर्गवारीत होती आणि नाशनाची नोंद कुठे आहे, ते मागा. नोंद नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा उल्लेख करून शोध आणि जबाबदारी निश्चितीची मागणी करा. तो कायदा पुढे ठेवला की हरवलेल्या फाइली पुष्कळदा कपाटामागून निघतात.

एक वेगळी सूचना. वेतनाचा दावा या कागदांसाठी अडवून धरू नका. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती, वेतन संहितेत तीन वर्षं आहे, पण ती धावत असते. संहितेत देणी दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे, आणि दावा चालवणारा प्राधिकारी नोंदवह्या हजर करायला लावू शकतो. माहिती अधिकारात अडकलेले हजेरीपट त्या वाटेने लवकर बाहेर येतात.

बारनिशी:
पहिल्या अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, कारण नोंदवून फार तर 45. आदेश आला नाही किंवा पटला नाही, तर 90 दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', 20 रुपये, राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे. बरेच जण रागाने कलम 18 खाली तक्रार करतात. त्यात दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तसं सांगितलं आहे. कागद हवे असतील तर कलम 19(3) चं अपीलच.

मागणीच्या रकान्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: माहिती विनामूल्य द्यावी, 20(1) खाली दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 पर्यंत दंड करावा, 19(8)(ख) खाली नुकसानभरपाई द्यावी. सोबत मूळ अर्ज, त्याची पोच, उशिरा आलेली दोन्ही पत्रं आणि त्यांचे लिफाफे. लिफाफे फेकू नका. पत्रावर तारीख मागची टाकता येते, पोस्टाच्या शिक्क्यावर येत नाही.