मदत हवी आहे: लेक जर्मनीत, प्रयोग कोरा येतोय आणि मी फोनवर भलतंच बोलून बसले

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही ठाण्याचे, नौपाडा. कन्येचं एमएस्सी बायोकेमिस्ट्रीचं पहिलं वर्ष झालं आणि १२ आठवड्यांच्या इंटर्नशिपला हायडेलबर्गला गेलीये, स्कॉलरशिप आहे त्यामुळे पैशाचं टेन्शन नाही. मे महिन्यात सोडायला गेलो तेव्हा एअरपोर्टवर मीच रडले, ती नाही. परवा ती फोनवर रडली म्हणून हा धागा.

तिला वेस्टर्न ब्लॉट नावाचा प्रकार करायचा असतो. म्हणजे पेशींमधली प्रोटीन्स जेलवर वेगळी करायची, मग ती एका कागदासारख्या पडद्यावर उतरवायची, मग तो पडदा दुधाच्या पावडरीत बुडवून ठेवायचा (हो, साय काढलेली साधी दूध पावडर, मी दोनदा विचारून खात्री केली), मग अँटिबॉडीत (हव्या त्याच प्रोटीनला चिकटते ती) रात्रभर फ्रिजमध्ये वगैरे. दोन दिवस जातात आणि शेवटी मशीनमध्ये एक काळी पट्टी दिसायला पाहिजे. ती दिसत नाही. सहा आठवड्यांत ९ वेळा केलं, नऊही वेळा कोरं. गाइडबाई चांगल्या आहेत, त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची म्हणे (लेकीला अजून जमत नाही, नाव टाळून 'हाय' म्हणून वेळ मारून नेते), पण त्यांनी तो कोरा ब्लॉट बघितला, 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेल्या. सुट्टीत मेलसुद्धा बघत नाहीत. लेक म्हणते ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, निदान आपण कुठे आहोत ते तरी कळतं.

आता माझा घोळ. मी स्वतः केमिस्ट्रीवाली, ९५ ची बीएस्सी, ठाण्यातच. टायट्रेशनला तीन रीडिंग घ्यायची आणि सी.बी.आर. यायला पाहिजे, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ब्युरेटचं रीडिंग तेच तेच यायला पाहिजे. ते परमँगनेट-ऑक्झॅलिक ॲसिडवालं आठवतं का कुणाला, गरम फ्लास्क रुमालाने धरायचा आणि गुलाबी छटा आली की थांबायचं, तर आमची गुलाबी कायम जांभळी होऊन बसायची. मग काय, पहिलं रीडिंग खरं, पुढची दोन त्याच्या आसपास लिहून टाकायची. जर्नल सर्टिफाय झालं की विषय संपला, कुणाला त्यात काही पाप वाटत नव्हतं. त्याच सवयीने मी बोलून गेले, "अगं मग त्यातल्या त्यात बरा दिसतोय तो घे, कॉम्प्युटरवर जरा डार्क कर आणि रिपोर्ट देऊन टाक, कोण बघतंय." पलीकडे शांतता. मग, "आई, तू हे बोलतेयस?" आणि फोन कट. दोन दिवस झाले, मेसेजवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. बाबाशी बोलते, माझ्याशी नाही.

बाहेर रिसर्च करून आलेल्यांना विचारायचंय, असं सगळं कोरं आलं तर पुढे होतं काय? स्कॉलरशिपवाले पैसे परत मागतात का? रिपोर्टमध्ये लिहायचं काय? आणि मी आता तिच्याशी बोलू कशी?

ढगफुटी:
काकू, पैसे कोणी मागत नाही, निवांत राहा. मी मायटॅक्स संस्थेच्या ग्लोबलिंक इंटर्नशिपवर कॅनडात होतो, तेही १२ आठवडेच, त्यातले ७ आठवडे आमचं मशीन बंद. पार्ट येतोय येतोय म्हणत जून-जुलै गेला. रिपोर्टमध्ये तेच लिहिलं, काय करायचं ठरलं होतं, काय झालं, काय नाही झालं आणि का. प्रोफेसरने रेको म्हणजे शिफारसपत्रसुद्धा दिलं, त्यात लिहिलं होतं की याच्या नोंदी वाचून पुढच्याला काम सुरू करता आलं. मला वाटलेलं हाकलतील.

उगाचच:
सी.बी.आर. म्हणजे कॉपी बाय रोल नंबर ना? आमच्या बॅचमध्ये तरी तेच होतं :)

खारघरची_हवा:
ताई, मी लॅबवालीच आहे म्हणून कामाचं सांगते, हे तिला फॉरवर्ड करा. पोन्सो केलं का विचारा. पडदा लाल रंगवून बघतात, प्रोटीन उतरलंच नसेल तर तिथेच कळतं. जेल आणि पडद्याचं सँडविच उलटं लागलं तर प्रोटीन पडद्यावर न जाता बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या द्रावणात निघून जातं, मी स्वतः केलंय, एकदा नाही दोनदा. पडदा पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकचा असेल तर आधी मिथेनॉलमध्ये भिजवावा लागतो. अँटिबॉडीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर ते एचआरपी एन्झाइमला गप्प बसवतं आणि ज्याच्यामुळे पट्टी दिसते तेच बंद, सगळं कोरं. आणि हे सगळं सोडा, पॉझिटिव्ह कंट्रोल होता का? म्हणजे ज्या पेशींत ते प्रोटीन नक्की असतं त्यांचा नमुना जेलच्या शेजारच्या वेलमध्ये, म्हणजे खाचेत. तो आला आणि हिचा नाही आला तर कोरं हेच तिचं उत्तर आहे. दोन्ही नाही आले तर पद्धतीत गडबड. हे बघितल्याशिवाय ९ काय ९० ब्लॉट केले तरी उपयोग नाही.

डार्क करण्याबद्दल, पूर्ण फोटोचा ब्राइटनेस सारखा वाढवला तर चालतो, तसं सांगून. एकच पट्टी उठवायची नाही. पोरीला माहीत आहे म्हणूनच फोन कट केला.

ऐरोलीकर:
'कोण बघतंय' वर एक सांगतो, मुद्दाम जर्मनीचंच. यान हेंड्रिक श्योन, कोन्स्टान्झ विद्यापीठाची पीएचडी, अमेरिकेत बेल लॅब्ज या नावाजलेल्या संशोधन संस्थेत स्टार भौतिकशास्त्रज्ञ होता. वेगवेगळ्या तापमानांना केलेल्या दोन प्रयोगांच्या आलेखांत नॉइज, म्हणजे ती बारीक थरथर, हुबेहूब एकच निघाली. दोनदा मोजलं तर थरथर कधीच सारखी येत नाही. चौकशी समितीने मूळ डेटा मागितला तर म्हणे जागा नव्हती म्हणून फाइल्स उडवल्या. २००२ मध्ये नोकरी गेली, २००४ मध्ये कोन्स्टान्झने पीएचडी काढून घेतली. आता तिकडे मूळ डेटा साधारण १० वर्षं जपून ठेवायचा नियम आहे. तुमचा सी.बी.आर. त्यात बसला नसता, रागावू नका.

मी जपानमध्ये सहा महिने होतो. तिथे होरेन्सो म्हणतात, कळवा, संपर्कात राहा, विचारा या तीन शब्दांची आद्याक्षरं, आणि गंमत म्हणजे होरेन्सो म्हणजे पालकाची भाजी. चुकलं तर लगेच सांगायचं, निस्तरून मग नाही. गाइड नसेना का, लॅबमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) असेल, टेक्निशियन असेल, तिने आजच जाऊन विचारायला पाहिजे. आपल्याकडची मुलं 'डाउट' शेवटपर्यंत खिशात ठेवतात, मीही ठेवला होता. दोन महिने.

धागाकर्ती:
उशीर झाला, दोन दिवस नेट गेलं होतं, पावसाने आमच्या गल्लीत पाणी.

सगळ्यांचे आभार. खारघरच्या ताईंचं पोस्ट जसंच्या तसं पाठवलं, वर एवढंच लिहिलं की मी चुकले. तासाभरात फोन. कंट्रोल नव्हताच लावला, तिला वाटलं गाइडने सांगितलं असतं, आणि गाइडना वाटलं एमएस्सीच्या मुलीला माहीत असणार. मग धीर करून पोस्टडॉकला विचारलं, त्याने फ्रीजरमधून नमुना काढून दिला, बरोबर उभा राहून जेल लावला. काल रात्री उशिरा (तिकडे संध्याकाळ, साडेतीन तास मागे) फोटो आला. कंट्रोलची पट्टी काळीभोर, तिच्या पेशींच्या जागी काही नाही. आता दुसऱ्या अँटिबॉडीने एकदा बघणार आणि मंगळवारी सगळ्यांसमोर सांगणार की नाही आलं. घाबरलीये, पण आवाज वेगळा होता.

मग मी तिला सी.बी.आर.ची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, इथे लिहिली तशी. हसेल वाटलं, हसली नाही. म्हणाली, "पहिलं रीडिंग तरी खरं असायचं ना?"

म्हटलं, कधी कधी.

बरं, या पंधरवड्यात ठाणे-नवी मुंबईहून कोणी हायडेलबर्ग किंवा फ्रँकफर्टला जातंय का? अर्धा किलो मेतकूट द्यायचंय, घरपोच आणून देईन, अगदी पनवेलपर्यंत.