जपानहून आलेली अक्वा, मीटर मागे केलाय का कसं ओळखायचं?

डोंबिवलीकर_ऑकलंडात:
मंडळी, इथे एका यार्डात २०१४ ची टोयोटा अक्वा बघितली, जपानहून नुकतीच उतरलीये, मीटरवर ६१ हजार. बाहेरून चकाचक पण स्टिअरिंग अंगठ्याच्या जागी पार गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने झिजलंय, ६१ हजारात एवढं होतं का? कारजॅमचा (गाडीचा इथला इतिहास दाखवणारी वेबसाइट) रिपोर्ट काढला, त्यात एकच रीडिंग. सेल्समन म्हणे जपानी माणूस असलं करत नाही सर :)

दहाचा_पाना:
इथलं रेकॉर्ड गाडी इथे उतरल्यावर सुरू होतं हो, मग दर डब्ल्यूओएफला (इथली गाडीची सक्तीची तपासणी) रीडिंग चढतं. त्याआधीच मागे केला असेल तर रिपोर्ट दहादा काढून उपयोग नाही. जपानचे कागद मागा. तिकडे नव्या गाडीचं शाकेन (म्हणजे सरकारी तपासणी) ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी, आणि तेव्हाचे किलोमीटर सर्टिफिकेटमध्ये नोंदले जातात. ऑक्शन शीट (जपानच्या लिलावातला गाडीच्या तपासणीचा कागद) डीलरने दिलेली झेरॉक्स नको, चॅसिस नंबर टाकून स्वतः ऑनलाइन काढा, चार डॉलर जातील पण जाऊदेत. आणि काचेवरच्या सीआयएन कागदाचा (डीलरने लावायचा गाडीच्या माहितीचा कागद) फोटो काढून ठेवा, किलोमीटर त्यावर लिहावेच लागतात डीलरला, उद्या डिस्प्यूट्स ट्रायब्युनलला (तक्रार निवारण न्यायाधिकरण) जायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

पमाकाकू:
अरे ड्रायव्हरचं दार उघड आणि आतल्या कडेला ऑइल चेंजचा स्टिकर आहे का बघ. सन जपानी असेल, हेइसेई असेल तर १९८८ मिळवायचे, रेइवा असेल तर २०१८. आमच्या होंडा फिटमध्ये सर्व्हिसचं अख्खं पुस्तकच निघालं ग्लोव्ह बॉक्समधून, जपानी कोणाला वाचता येतंय म्हणून कोणी काढलंच नव्हतं 😄

डोंबिवलीकर_ऑकलंडात:
काकू आत्ताच जाऊन आलो. स्टिकर आहे, अर्धा खरवडलेला, रेइवा ४ आणि आकडा ७८,०००!!!

दहाचा_पाना:
थांबा, लगेच बोंब मारू नका. त्यावर बरेचदा पुढच्या चेंजचा आकडा लिहितात. फोनचा कॅमेरा धरून ट्रान्सलेट करा, 'जिकाई' म्हणजे पुढची वेळ. तसं असेल तर ५ हजार वजा करा. अर्थात १० केले तरी २०२२ मध्येच ६८ होतात, मग आज ६१ कसे?

डोंबिवलीकर_ऑकलंडात:
जिकाईच आहे. ऑक्शन शीट मागितली तर म्हणाला ऑफिसात शोधून ईमेल करतो. डिपॉझिट दिलं नव्हतं नशीब.

पमाकाकू:
आला ईमेल तर इथे टाक, आम्हीपण बघू कसा दिसतो.